चाळीस मिनिटं मराठी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मी वह्या-पुस्तकांचं दुकान चालवणारा माणूस. मराठी घेऊन बी.ए. केलं, कविता केल्या, आणि कवितेनं पोट भरत नाही हे लवकर कळल्यामुळे औशाच्या बाजारात दुकान टाकलं. यंत्रातलं मला काही कळत नाही. घरचा मिक्सर बिघडला तर तो बायको उघडते, मी बाजूला टॉर्च धरून उभा राहतो. असा माणूस आज तुमच्याशी बिनतारी संचांबद्दल, आणि त्यातही रिपीटर नावाच्या प्रकाराबद्दल बोलणार आहे. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

२०२३च्या उन्हाळ्यात मी तीन महिने लेकीकडे अमेरिकेत होतो. उत्तर कॅरोलिना राज्याच्या पश्चिम टोकाला ॲशव्हिल नावाचं शहर आहे. त्याच्या चहूबाजूंनी ॲपलेशियन पर्वताच्या हिरव्या रांगा आहेत. शहरापासून बरंच आत, दोन डोंगरांच्या मधल्या घळीत लेकीचं घर. अशी आठ-दहा घरं त्या घळीत विखुरलेली. खाली एक ओढा. मोबाईल वरच्या मजल्याच्या खिडकीत लागायचा, अंगणात आलं की मुका व्हायचा. आपल्याकडे कोकणातल्या, सह्याद्रीतल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

पहिल्याच सकाळी मी फिरायला निघालो तसा जावयानं हातात एक वॉकीटॉकी दिला. म्हणाला, "अब्बा, हा खिशात असू द्या. घळीत फोन चालत नाही." मी म्हटलं, मला लायसन्स लागेल की. लेक हसली. म्हणाली, "माझ्या लायसन्समध्ये तुम्ही आहातच."

आणि खरोखरच होतो. तिकडे जनरल मोबाईल रेडिओ सर्व्हिस म्हणून एक सेवा आहे. घरगुती माणसांनी आपापसात बोलण्यासाठीची. परीक्षा नाही. ३५ डॉलर भरले की दहा वर्षांचं लायसन्स मिळतं, आणि ते एकट्याचं नसतं, त्या माणसाच्या जवळच्या कुटुंबानं वापरायचं असतं. जवळचं कुटुंब म्हणजे कोण, तेही नियमात लिहून ठेवलं आहे. मी ती यादी लेकीकडून दोनदा वाचून घेतली. नवरा-बायको, मुलं, नातवंडं, सावत्र मुलं, आईवडील, आजी-आजोबा, सावत्र आईवडील, भाऊ, बहिणी, मावशी-आत्या-काकू, काका-मामा, भाचे-पुतणे, भाच्या-पुतण्या, आणि सासरची माणसं. अमेरिकेत म्हणे कुटुंब उरलं नाही. इथे तर सरकारनं व्याह्यांपर्यंत पंगत वाढली होती! चुलत आणि मावस भावंडं तेवढी राहून गेली आहेत. आमच्या घरी असा कायदा झाला असता तर त्यावरून भांडण पेटलं असतं.

त्याच नियमांत, काय बोलू नये, याचीही यादी आहे. जाहिरात करू नये, शिवीगाळ करू नये, संगीत वाजवू नये, करमणुकीसाठी शीळसुद्धा घालू नये. आणि पुढे म्हटलं आहे की सांकेतिक किंवा ज्यात छुपा अर्थ आहे असा संदेश देऊ नये. म्हणजे कवी तिथे संपलाच. मी लेकीला म्हटलं, बाई, मी आजपासून फक्त गद्य बोलेन.

भाषेचं मात्र बंधन नाही. दखनी बोला, मराठी बोला, काहीही बोला. फक्त आपली ओळख, म्हणजे चार अक्षरं आणि तीन आकडे असलेला कॉल साइन, इंग्रजीतून सांगायचा. बोलणं संपलं की सांगायचा, आणि लांबलं तर दर पंधरा मिनिटांनी सांगायचा. दारावरची पाटी इंग्रजीत, घरातलं बोलणं आपलं. मला ते आवडलं. आम्हा लोकांची सवयच आहे ती. घरात दखनी, दुकानात मराठी, पाटीवर जे चालेल ते.

आता रिपीटर म्हणजे काय, ते सांगतो. हातातल्या संचाची ताकद थोडी, पाच वॉटच्या आसपास, आणि मध्ये डोंगर आला की या लहरी पुढे जात नाहीत. घळीतून पलीकडच्या घळीत आवाज पोचत नाही. म्हणून डोंगरमाथ्यावर एक यंत्र बसवतात. ते एका लहरीवर ऐकतं आणि ऐकलेलं त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर जोरात बोलतं. मला जावयानं हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ईदगाहचा मैदान आला. ईदच्या नमाजाला गर्दी इतकी असते की मागच्या रांगांना इमामाचा आवाज जात नाही. लाउडस्पीकर नव्हते तेव्हा मधल्या रांगेत एक खड्या आवाजाचा माणूस उभा असायचा. त्याला मुकब्बिर म्हणतात. इमामानं तकबीर म्हटली की हा ती मोठ्यानं म्हणायचा, आणि त्याच्या आवाजावर मागच्या रांगा झुकायच्या. स्वतःचं काही बोलायचं नाही, ऐकलेलं तेवढं पुढे द्यायचं. डोंगरावरचा रिपीटर हा त्या घळीचा मुकब्बिर.

अशा रिपीटरसाठी या सेवेत सगळ्या देशात मिळून लहरींच्या आठच जोड्या आहेत. आठ. एवढ्या मोठ्या देशाला. त्या आठांवरच सगळ्यांनी आळीपाळीनं बोलायचं. कुणाच्या नावावर लहर नाही, कुणाची मक्तेदारी नाही. गावच्या विहिरीसारखं आहे. रहाट आठ, घागरी हजारो. आणि रिपीटरचा आवाज ज्या आठ लहरींवर बाहेर पडतो, त्याच लहरींवर बिनलायसन्सचे लहान वॉकीटॉकीही चालतात, बागेत पोरं खेळतात ते. म्हणजे तुमचा आवाज नुसता तुमच्या माणसालाच जात नाही, त्या पोरांच्या खेळावरूनही जातो.

यातून शिष्टाचार निघाले. ते मला शेजारच्या म्हातारबाबांनी शिकवले. सत्तरी ओलांडलेला, मितभाषी माणूस. तरुणपणी टेलिफोनच्या तारांचं काम केलेलं. पहिला धडा, बोलण्याआधी ऐकायचं. आणि खरं ऐकायचं. म्हणजे काय, तर प्रत्येक रिपीटरला एक न ऐकू येणारा बारीक घुमार लागतो, त्याला टोन म्हणतात. बरोबर टोन आला तरच तो दार उघडतो. लोक आपल्या संचालाही ऐकण्यासाठी टोन लावून ठेवतात, की दुसऱ्या कुणाचं ऐकायला नको. मग त्यांना वाटतं, लहर रिकामी आहे, आपली खासगी आहे. खासगी काही नसतं. टोन म्हणजे स्वतःच्या कानात घातलेला कापूस. समोर माणसं बोलत असतात, तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच. म्हणून आधी बटण दाबून टोन काढायचा, सगळं ऐकायचं, आणि मग तोंड उघडायचं.

दुसरा धडा, बटण दाबलं की लगेच बोलायचं नाही. यंत्र जागं व्हायला एक क्षण द्यायचा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. तिसरा, नुसतं बटण दाबून, न बोलता, रिपीटर चालू आहे का हे बघत बसायचं नाही. आपल्याकडे पोरं बेल वाजवून पळतात, तसला तो प्रकार. आणि चौथा, ज्यावर बाबांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला, तो म्हणजे समोरच्याचं बोलणं संपल्यावर थांबायचं. दोन-तीन सेकंद. मी विचारलं, कशाला? ते म्हणाले, "तिसऱ्या माणसासाठी."

मी मान डोलावली. कळलं काहीच नाही.

हा रिपीटर एका खासगी माणसाचा होता. त्यानं स्वतःच्या खर्चानं डोंगरावर उभा केलेला, आणि त्यानं तो इंटरनेटवरून आणखी चार डोंगरांवरच्या रिपीटरांना जोडलेला होता. तीन राज्यांतले पाच डोंगर. एकावर बोललं की पाचांवर उमटायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जादूच वाटली. जावयाच्या अंगणात, ओढ्याच्या आवाजात, माझ्या खिशातून टेनेसीतला माणूस पावसाची बातमी देत होता.

आणि एका संध्याकाळी त्या खिशातून मराठी आलं.

म्हणजे आधी इंग्रजीच होतं. पण त्या इंग्रजीचा हेल मला ओळखीचा वाटला. मी बटण दाबलं, लेकीचा कॉल साइन सांगितला आणि भीत भीत विचारलं, "आपण महाराष्ट्रातले का?" पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, "अहो, मी कराडकडचा!" त्यांचं नाव मी सांगत नाही, इथे कराडकरच म्हणतो. टेनेसीत चॅटानूगाजवळ राहायचे, तीस वर्षं तिकडेच, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलं लांब. रोज मराठी बोलायला घरात कुणी नाही. मी कवी आहे म्हटल्यावर ते मला कविराज म्हणायला लागले. रोज संध्याकाळी साडेसातला आमची बैठक जमायची. कृष्णेचं पाणी, कराडचा प्रीतिसंगम, औशाचा किल्ला, ज्वारीची भाकरी तिकडे कशी जमत नाही, एसटीच्या गाड्या, कुठल्या मास्तरांनी किती मारलं. तीनशे किलोमीटरांहून लांब बसलेले दोन म्हातारे होऊ घातलेले पुरुष, आणि मध्ये इंग्रजीतून पाटी वाचून दाखवणं. मी आयुष्यात इतका मनमोकळा कुणाशी बोललो नव्हतो.

बोलायला आम्ही दोघेही सुटलेले. त्याचं संपायच्या आत माझं सुरू. माझं संपतं न संपतं तोच त्यांचं. मराठी गप्पा अशाच असतात ना. मध्ये थांबलं तर समोरच्याला वाटतं हा रुसला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी पाऊस झाला होता. संध्याकाळी मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो होतो. बोलता बोलता वडिलांचा विषय निघाला. माझे वडील हमालीचा अड्डा सांभाळायचे आणि रात्री कंदिलाजवळ बसून मला पाढे म्हणायला लावायचे. ते सांगण्यात मी रंगलो. आता, रिपीटरला एक घड्याळ लावलेलं असतं. कुणी एका दमात बटण न सोडता फार वेळ बोलला, साधारण तीन मिनिटं, की ते यंत्र त्याचा आवाज पुढे देणं बंद करतं. साहित्य संमेलनांच्या व्यासपीठांवर हे यंत्र का बसवत नाहीत, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. तर मी बोलत राहिलो, यंत्र कधी गप्प झालं मला कळलंच नाही. शेवटी बटण सोडलं. पलीकडून कराडकरांचा आवाज नाही. त्यांना माझं बोलणं मध्येच तुटलेलं, ते वाट बघत असणार. मीही वाट बघितली.

त्या शांततेत एक क्षीण आवाज आला. एक कॉल साइन, आणि पाठोपाठ दोन शब्द. मदत हवी.

म्हातारबाबा होते. ओढ्याच्या काठानं खाली गेले होते, पावसानं दगड ओले झालेले, पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. चालता येईना. फोनला रेंज नाही. संच होता खिशात, आणि त्यांनी किती वेळा हाक दिली होती. पण मी बोलत असताना माझा जवळचा, जोरदार आवाज त्यांच्या घळीतल्या आवाजाला गिळून टाकत होता, आणि कराडकर बोलत असताना जाळ्यातून येणारा आवाज रिपीटरचं दार अडवून बसत होता. आम्ही दोघांनी मिळून मध्ये एक श्वासाचीही फट ठेवली नव्हती. जावई आणि शेजारचे दोघे टॉर्च घेऊन धावले. अंधार पडायच्या आत त्यांना वर आणलं.

तिकडच्या नियमात स्वच्छ लिहिलं आहे की कुठल्याही वेळी, कुठल्याही लहरीवर, संकटातल्या माणसाच्या बोलण्याला आधी वाट द्यायची. मी तो नियम मोडला नव्हता, असं जावई मला समजावत होता. मला ऐकूच आलं नाही तर मी वाट कशी देणार? खरं आहे. पण ऐकू का आलं नाही, याचं उत्तर मला रात्रभर माहीत होतं.

आठवड्यानं मी त्यांना भेटायला गेलो. पायाला प्लास्टर, खुर्चीत बसलेले. मी लेकीनं केलेला शिरखुर्मा नेला होता. माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. म्हणाले, "तुमची भाषा कानाला बरी वाटते. चाळीस मिनिटं ऐकली."

ते टोमणा मारत नव्हते. म्हणूनच मला काही बोलता येईना.

मग ते यंत्राबद्दल बोलले. म्हणाले, तुम्ही आपल्याच घळीतल्या माणसाशी बोलत असता तर तुम्हाला तो दिसला असता, ठाऊक असता, त्याचं घर कुठलं ते माहीत असतं. टेनेसीतल्या माणसाला आमची घळ दिसत नाही, आणि आमचा आवाज त्याला येत नाही. त्याच्याकडे लहर रिकामीच असते. तो बिचारा सभ्य माणूस आहे, पण ज्याचं ऐकू येत नाही त्याला जागा कशी देणार? मला पुन्हा ईदगाह आठवला. समजा हैदराबादच्या इमामाचा आवाज फोनवरून औशाच्या मुकब्बिराच्या कानात सोडला, तर आमच्या मागच्या रांगा हैदराबादच्या तालावर झुकतील, आणि आमचा स्वतःचा इमाम पुढे उभा राहून काय करतोय हे कुणाला कळणारही नाही. आमच्याकडचे जुने लोक म्हणायचे, आवाज पोचला म्हणजे जमात होत नाही, रांगाला रांग जुळलेली हवी.

पुढे त्या रिपीटरच्या मालकानं जोडणी तोडली. माझ्यामुळे नव्हे. म्हणजे निदान नुसतं माझ्यामुळे नव्हे. तिकडे हा वाद आधीपासून चालू होता. नियमसंग्रहाच्या पंचाण्णवाव्या भागात असं आहे की या सेवेतला रिपीटर फोनच्या किंवा दुसऱ्या जाळ्याला जोडता येतो, पण तो फक्त लांबून चालू-बंद करण्यासाठी, त्यावर देखरेख ठेवण्यासाठी. माणसांचं बोलणं त्या जाळ्यातून लांब न्यायला नाही. तरी हौशी लोकांनी वाक्यांचे वेगवेगळे अर्थ लावले आणि जाळी पसरली. शेवटी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं आपल्या माहितीत स्पष्टच लिहिलं की इंटरनेटवरून रिपीटर जोडून पल्ला वाढवणं नियमात बसत नाही. कारणही दिलं. लहरी थोड्या आहेत, सामायिक आहेत, आणि ही सेवा जवळपासच्या माणसांपुरतीच नीट चालते, जिथे वापरणारे एकमेकांचं ऐकू शकतात आणि समजून घेऊ शकतात. सरकारी कागदात असं वाक्य मी क्वचितच पाहिलं आहे.

जोडणीच्या बाजूनं बोलणारे लोक काही वाईट नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. त्यांचं म्हणणं, एकटा रिपीटर दिवसभर गप्प पडून असतो. एकटी, म्हातारी माणसं रात्री बोलायला कुणी शोधतात. वादळाची बातमी एका डोंगरावरून दुसऱ्यावर आधी पोचते. आणि जोडणीचेही त्यांनी शिष्टाचार पाळले होते. आपण कुठल्या डोंगरावरून बोलतो ते आधी सांगायचं. दोन बोलण्यांमधलं अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवायचं, कारण पाच यंत्रं जागी व्हायची असतात. दोघांच्याच गप्पा असतील तर जाळ्यातून बाहेर पडून आपल्या स्थानिक डोंगरावर करायच्या. शेवटचा नियम मला आणि कराडकरांना पाळताच येणार नव्हता. आमच्यात स्थानिक डोंगर कुठला? जाळं तुटलं तेव्हा त्यांचा आवाज गेला. त्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. त्या निर्णयाच्या बाजूनं मी आज बोलतो आहे ते काही फार आनंदानं नाही.

ज्यांना जोडणीच करायची आहे त्यांना तिकडे दुसरा रस्ता आहे. परीक्षा देऊन हॅम रेडिओचं लायसन्स घ्यायचं. तिथे लहरी पुष्कळ आहेत, आणि रिपीटर इंटरनेटनं जोडायला वावही आहे. आपल्याकडे तर ही घरगुती सेवाच नाही. हॅम व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते. तिकडचा संच इकडे आणून वापरला तर तो गुन्हा ठरतो, म्हणून निघताना मी माझा संच लेकीच्या टेबलावर ठेवून आलो. नातीनं त्यावर "आजोबा" अशी चिठ्ठी चिकटवली.

त्यानंतर सव्वा वर्षानं हेलीन आलं. हे चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२४च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दुसऱ्या दिवशी त्या डोंगरांत नुसतं कोसळलं. समुद्रापासून इतक्या आत, इतक्या उंचावर, तिथल्या म्हाताऱ्या माणसांनीही असं पाणी पाहिलं नव्हतं. स्वानानोआ नदी गावांत शिरली. रस्ते वाहून गेले, वीज गेली, मोबाईलचे टॉवर बंद पडले, इंटरनेटच्या तारा तुटल्या. इकडे औशात आम्ही नवराबायको टीव्हीसमोर. लेकीचा फोन लागत नाही. जावयाचा लागत नाही. दोन दिवस आणि तीन रात्री.

आमच्या तालुक्याला हे थांबणं ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, गणपती विसर्जनानंतरची. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. मी पंचविशीतला होतो. माझी खाला सास्तूरला दिलेली. ती आहे की नाही हे कळायला आम्हाला दीड दिवस लागला. फोन नव्हताच. जो माणूस तिकडून येईल त्याला रस्त्यात अडवून विचारायचं. सास्तूर? सास्तूर? ती नव्हती. तो दीड दिवस माझ्या आईनं जसा काढला तसाच आता माझी बायको काढत होती, त्याच भिंतीला टेकून.

३० सप्टेंबरलाच, पहाटे, फोन वाजला. अमेरिकेतला अनोळखी नंबर. एक बाई बोलत होत्या. हळू, एकेक शब्द सुटा करून, कागदावरचं वाचल्यासारखं. तुमची मुलगी, जावई आणि नात सुखरूप आहेत. घर उभं आहे. रस्ता नाही. अन्न चार दिवसांचं आहे. फोन करू नका, लागणार नाही. मग त्यांनी विचारलं, परत वाचू का? मी म्हटलं, वाचा. त्यांनी परत वाचलं.

तो निरोप कसा आला, ते नंतर कळलं. डोंगरावरच्या त्या रिपीटरला बॅटऱ्या आणि सौर पत्रे होते, तो चालू राहिला. जाळ्यात असता तरी ते जाळं तेव्हा मेलेलंच होतं. म्हातारबाबांनी घळीतल्या आणि पलीकडच्या घरांची सकाळ-संध्याकाळ हजेरी लावली. एकेका घराला अर्धं मिनिट. कोण आहे, कुणाला औषध हवं, कुणाकडे करवत आहे. आणि दोन घरांच्या मध्ये ते काहीच बोलायचे नाहीत. लेक सांगते, पहिल्या दिवशी त्या शांततेचा तिला राग यायचा. दुसऱ्या दिवशी त्याच शांततेत ओढ्याच्या वरच्या अंगाच्या एका बाईचा आवाज आला, बॅटरी उतरत चाललेला. तिच्या नवऱ्याचं इन्सुलिन संपलेलं होतं. लेकीचा निरोप त्यांनी कड्यापलीकडच्या एका माणसाला दिला. त्यानं तो लिहून घेतला, परत वाचून दाखवला. त्या माणसाकडे हॅमचा संच होता. त्या दिवसांत माउंट मिचेल या शिखरावरचा हॅम लोकांचा रिपीटर त्या सगळ्या मुलखाचा आधार झाला होता, लोक दिवसरात्र त्यावर ऐकत होते. तिथून निरोप आणखी एकानं घेतला, आणि अखेर लांब कुठल्या तरी गावात, जिथे फोन चालत होता तिथे, त्या बाईंच्या हातात पडला. एवढ्या तोंडांतून येऊनही एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. त्या बाई कोण, मला आजही माहीत नाही.

२०२५च्या मे महिन्यात मी पुन्हा गेलो. ओढ्यानं पात्र बदललंय. म्हातारबाबांच्या कुंपणाच्या जागी वाळू आहे. ते थोडे लंगडतात. कराडकर आता फोनवर बोलतात. शुक्रवारी रात्री त्यांचा फोन येतो, आणि आम्ही दोघंही मध्ये मध्ये थांबतो. फोनवर त्याची काही गरज नाही.

पहिल्या संध्याकाळी मी चिठ्ठी चिकटवलेला तो संच घेऊन व्हरांड्यात बसलो. टोन काढला आणि बराच वेळ नुसतं ऐकलं. काहीच नव्हतं. मग लेकीचा कॉल साइन सांगितला. थोड्या वेळानं म्हातारबाबांचा आवाज आला. मी आलोय हे त्यांना कळलेलं होतं. म्हणाले, "आज इथे कुणी नाही. बोला तुमच्या भाषेत. तीन मिनिटं देतो."

मी बोललो. ओढा, ज्वारी, बायकोची तब्येत, जे सुचेल ते. दोनदा थांबलो.